मावशींच्या वहीचा जळफळाट

मित्रांनो, जुनी वही म्हटली की तुम्हाला आधी रद्दीवाला आठवतो, हे मला ठाऊक आहे. पण मी कुणी ऐरीगैरी वही नाही. मी मावशींची वही आहे.

एका छोट्या कारखान्यात माझी बांधणी झाली. दोनशे पाने, दोऱ्याची शिलाई, पाठीला निळे कापड. मावशी प्रसूतिगृहात परिचारिका होत्या. नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या एका सुताराला विश्वासात वाढवायचे काम पाळकांनी त्यांच्यावर सोपवले आणि त्याच संध्याकाळी त्यांनी मला विकत घेतले. दर बुधवारी ड्यूटी संपली की सुतार यायचा. दोघे शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक उतारा वाचायचे आणि त्यावर सुचलेले चार शब्द मावशी माझ्यात लिहायच्या. दोन वर्षांत सुतार विश्वासात आपल्या पायावर उभा राहिला. मग एक शिक्षिका आली, मग एक ड्रायव्हर. सगळे माझ्यातूनच शिकले. "मावशींची वही काय म्हणते?" असे लोक विचारायचे आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे.

वीस वर्षांनी बेकरीत पाव भाजणारी एक तरुण बाई आली. सगळे तिला पाववाली म्हणत. तिच्याइतके प्रेम माझ्यावर कुणीच केले नाही. ती मला घरी न्यायची, उशाशी ठेवायची, पानेच्या पाने पाठ करायची. शास्त्र बिचारे फळीवर बंद असायचे. या गोष्टीची मला लाज वाटायला हवी होती. मला मात्र गुदगुल्या होत होत्या.

एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकांनी प्रत्येकाला शास्त्रातले आपले आवडते वचन म्हणायला सांगितले. पाववाली ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "राग आला तर आधी भांडी घासा, मग उत्तर द्या."

पाळक गोंधळले. "हे बायबलमधल्या कुठल्या पत्रात आहे हो?"

"पत्रात नाही. मावशींच्या वहीत. पान एक्केचाळीस."

सगळे खो खो हसले. पाववालीही हसली, तिला वाटले, लोकांना वचन आवडले. मी तर आनंदाने टम्म फुगले. फक्त मावशी हसल्या नाहीत.

पुढच्या बुधवारी त्यांनी मला तिच्या हातातून काढून घेतले. "ही आता माझ्याकडेच राहू दे."

"मावशी, माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही गं, माझं चुकलं. मी तुला वाढलेलं ताट देत राहिले. चूल पेटवायला शिकवलंच नाही." असे म्हणून त्यांनी एक लाल, कोरी वही तिच्यापुढे ठेवली. "शास्त्र तू वाच. काय कळलं ते तूच लिही."

माझी रवानगी कपाटात झाली, उशांच्या अभ्र्यांखाली. कपाटाचे दार नीट लागत नसे, त्यामुळे फटीतून मला सगळे दिसायचे. ती लाल वही म्हणजे कालची पोर, अंगावर एक अक्षर नाही, आणि माझ्या जागी मिरवत होती! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्यावर चहा सांडावा, असे मी रोज मनात म्हणायचे. एकदा खरेच सांडला. तर दोघींनी धावपळ करून तिचे पान न् पान टिपले आणि तिला उन्हात ठेवले. माझ्यावर सांडला होता तेव्हा नुसते झटकले होते.

पाववालीला लिहिणे जमेना. एक ओळ लिहायची, दोन खोडायची. मग तिने येणेच बंद केले. एक बुधवार गेला, दोन गेले, तीन गेले. पोर विश्वासापासून दुरावली तर, ही धास्ती मावशींच्या चेहऱ्यावर दिसायची. मला मात्र आशा वाटू लागली. तिसऱ्या बुधवारी त्यांनी मला बाहेर काढलेही, पिशवीत घातले, चपला घातल्या. आता मला तिच्या घरी पोचवणार! पण दारातूनच त्या मागे फिरल्या आणि मला परत अभ्र्यांखाली ठेवले. खुर्चीवर बसून त्या बराच वेळ प्रार्थना करत राहिल्या.

चौथ्या बुधवारी पाववाली आली. हाताला अजून पीठ होते.

"मावशी, प्रार्थना जमतच नव्हती. तुमची वही होती तेव्हा कशी धडाधड करायचे! पण तेव्हा गुडघे माझे असायचे आणि तोंड तुमचं. आता अडखळते, मधेच गप्प होते. पण जी होते, ती माझी होते."

मावशी म्हणाल्या, "खरं सांगू? मला आत्ता तुझा हेवा वाटला. इतकी वर्षं शिकवते, पण हे मला कधी सुचलं नाही."

मला वाटायचे, हेवा काय तो मलाच वाटतो! मावशी उठल्या, मला कपाटातून काढून त्यांनी माझे एक कोरे पान उघडले. "परत सांग. लिहून घेते."

"मी सांगू? आणि तुम्ही लिहिणार?"

"हो. पण सावकाश सांग हं."

अक्षर मावशींचे, शब्द पाववालीचे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण कबूल करते, भांडी घासण्याच्या वचनापेक्षा ते कितीतरी सरस होते.

मित्रांनो, जुन्या वह्या जपा. त्यांची धूळ झटका, सुटलेली शिलाई घालून द्या. पण आमची पाने पाठ करून तिथेच थांबू नका. हे सांगणे माझ्या जिवावर येते आहे. माझा जळफळाट संपला असे म्हटले तर ते खोटे होईल, आणि मावशींनी माझ्यात कधी खोटे लिहिले नाही. तरीही सांगते, मला मिटा आणि तुमची वही उघडा.