काळी पाच

मित्रांनो, तुम्ही कधी या घरी आलात तर मी तुम्हाला दिसेन, पण ओळखू येणार नाही. मागच्या खोलीत खिडकीखाली, चादरीची घडी अंथरलेलं जे इस्त्रीचं टेबल आहे ना, ते टेबल नाही. मी एक जुना विजेवरचा पियानो आहे. या क्षणी माझ्यावर उशांचे अभ्रे आणि एक पायमोजा आहे. त्याचा जोडीदार बऱ्याच दिवसांपासून सापडत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. मोठ्या पियानोत तारा असतात, माझ्यात नाहीत. माझ्या प्रत्येक पट्टीमागे एक लहानशी हातोडी आहे आणि हातोडीसमोर पोलादाची एक बारीक काडी. पट्टी दाबली की हातोडी काडीला टिचकी मारते. काडी थरथरते, तिच्या तोंडाशी बसवलेलं लोहचुंबक ती थरथर पकडतं आणि स्पीकरमधून सूर बाहेर पडतो. काचेच्या पेल्याला चमच्याने हळूच वाजवावं, आणि तो नाद पेल्यातून न येता माणसाच्या छातीतून यावा, तसा तो ऐकू येतो. वीज फक्त आवाज मोठा करते. मूळ आवाज पोलादाचा आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण लोक मला 'ते इलेक्ट्रॉनिक काहीतरी' म्हणतात आणि माझं डोकं फिरतं.

वजन देताना मात्र कारखान्याने हात फारच सैल सोडला होता. मला जिन्यावरून चढवणारी माणसं आजही एकमेकांना भेटली की आधी माझी चौकशी करतात आणि मग आपल्या कंबरेची.

मी दादांकडे आलो तो आधीच वापरलेला. एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी एक लहानसा बँड वाजायचा, त्यात दादा पियानो वाजवत. बँडमधले सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. ड्रम वाजवणाऱ्याला सगळे घाई म्हणत. खरं नाव त्याच्या आईला तेवढं आठवत असेल. कुठलंही गाणं सुरू झालं की त्याला शेवटाची ओढ लागायची, आणि दादा मान वळवून त्याच्याकडे बघायचे, की तो जरा ताळ्यावर यायचा. आणि गाणाऱ्या होत्या त्या वहिनी. तेव्हा त्या अजून कुणाच्याच वहिनी नव्हत्या, पण घाईने घाई करून आधीच तसं म्हणायला सुरुवात केली होती.

वहिनी माझ्या उजव्या अंगाला उभ्या राहत. गाताना त्यांचा डावा तळवा माझ्या वरच्या झाकणावर असे. आधाराला नव्हे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, हॉलच्या गोंगाटात कानांपेक्षा हाताला ताल लवकर कळतो.

एके संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. स्वयंपाकघरातली सगळी यंत्रं सुरू झाल्यामुळे विजेचा दाब उतरला आणि माझा आवाज पार बसला. दादा चिडून जोरात वाजवू लागले. तेव्हा माझ्या पोटात 'टिक्' असं झालं. एक काडी मोडली होती. गाणारी माणसं ज्या पट्टीला काळी पाच म्हणतात, त्या पट्टीची. आता ती दाबली की हातोडी रिकाम्या जागी आपटायची आणि नुसता 'टक्' असा लाकडी ठोका यायचा.

नेमकं त्याच गाण्यात सगळी चाल त्या सुरावर येऊन थांबायची. दादांचं बोट पडलं. टक्. आणि मान न वळवता, झाकणावरचा हात तसाच ठेवून, वहिनींनी तो सूर गाऊन टाकला. तेवढा एकच. पुढच्या सुरापासून मी परत होतोच. लोकांना वाटलं, आधीच ठरवलेलं आहे. चमचे थांबले आणि टाळ्या पडल्या.

दादांनी नव्या काडीसाठी पुष्कळ खटपट केली, पण मला बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. "मिळेल तोवर असंच राहू दे," वहिनी म्हणाल्या. ते 'तोवर' मग संपलंच नाही. दादा ती पट्टी चुकवू शकले असते, पण त्यांनी कधी चुकवली नाही. बोट पडायचं, तो ठोका झाकणातून वहिनींच्या तळव्यात जायचा आणि सूर त्यांच्या गळ्यातून यायचा. ऐकणाऱ्याला मी कुठे संपलो आणि त्या कुठे सुरू झाल्या, हे कळत नसे. खरं सांगायचं तर मलाही कळत नसे. एखादं गिऱ्हाईक जेवण झाल्यावर स्टेजपाशी येऊन विचारायचं, "तो मधला एक सूर कसा काय काढता हो?" दादा म्हणायचे, "तो दुरुस्तीला टाकलाय. बदली माणूस ठेवलाय तोवर." वहिनी त्यांच्याकडे डोळे वटारून बघायच्या. पुढे त्यांचं लग्न झालं. मुलगी झाली, ती स्टेजमागे माझ्याच रिकाम्या खोक्यात दुलई घालून झोपायची.

ती माझी चांगली वर्षं. ती तुम्हाला फार सांगत बसत नाही, कारण सांगताना मला ती आवडू लागतात.

मग हलके कीबोर्ड आले. एका माणसाने काखेत मारून न्यावेत असे. त्यांच्यात एक बटण दाबलं की माझाच आवाज येतो म्हणे, आणि त्यात एकही पट्टी मोडलेली नसते. हॉटेलच्या मॅनेजरने बँड कमी केला, मग बंद केला. मी जिन्यावरून शेवटचा उतरलो तो या मागच्या खोलीत आलो. घाईने मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान टाकलं. दादा-वहिनी घरगुती कार्यक्रम करत राहिले.

वहिनींचा आवाज आधी काळी पाचवरच फाटला. सर्दी असेल, असं दादा म्हणाले. आलं, मध, गरम पाणी, सगळं झालं. सर्दी नव्हती. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण त्यासाठी स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. वहिनी घरी आल्या तेव्हा गळ्यात पुढच्या बाजूला एक भोक होतं, त्यातून त्या श्वास घेत, आणि त्यावर पातळ रुमाल बांधलेला असे. बोलायच्या त्या नुसते ओठ हलवून. दादा ते ओठ वाचत आणि बरोबर वाचलं की नाही ते पडताळायला मोठ्याने म्हणून दाखवत. दुसऱ्या खोलीतून हाक मारली की वहिनी टाळी वाजवून ओ देत.

बरेच महिने माझ्या पट्ट्यांवरचं झाकण उघडलं नाही. मग एकदा संध्याकाळी दादा येऊन बसले आणि ते जुनं गाणं वाजवू लागले. वहिनी हात पुसत आल्या आणि नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. तळवा झाकणावर. ती जागा आली. दादांचं बोट पडलं. टक्. वहिनींनी तोंड उघडलं. आवाज आला नाही, येणार नव्हताच. तरी दादांनी त्या सुराला हवा तेवढा वेळ दिला आणि मगच पुढची पट्टी दाबली.

मित्रांनो, मी पोलादाचा आहे, मला भास होत नाहीत. पण त्या खोलीत तो सूर होता. दोघांनाही तो ऐकू येत होता, नाहीतर दोघं एकाच क्षणी पुढे सरकले नसते. त्यानंतर रोज संध्याकाळी दादा मागच्या खोलीतून विचारत, "येतेस का?" स्वयंपाकघरातून टाळी येई. दिवसभरात त्यांचं बाकी बोलणं म्हणजे गोळ्या, गॅस आणि दाराची कडी. एवढाच वेळ काय तो त्यांचा स्वतःचा.

घाई अधूनमधून यायचा. एकदा त्याने हे पाहिलं आणि त्याला भडभडून आलं. तो बिचारा आयुष्यभर आमच्या मागे, ड्रमच्या धडधडीत बसलेला. पुढे काय चालायचं ते त्याने कधी नीट ऐकलंच नव्हतं. त्याच्या लेखी माझ्यात एक खोट होती आणि वहिनी ती झाकून नेत. बस्स.

दादा-वहिनी तपासणीसाठी दवाखान्यात गेले होते, त्या दिवशी तो आला. आता मोठ्या झालेल्या मुलीने दार उघडलं. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली एक काडी होती. भंगारात निघालेल्या माझ्याच एका भावंडातून त्याने ती शोधून आणली होती.

"तुझ्या आईने इतकी वर्षं त्या भोकाला ठिगळ लावलं," तो म्हणाला. "आता तिला जमत नाही, तर रोज ते भोक कशाला दिसायला हवं तिला? परवा त्यांच्या लग्नाचा वाढदिवस आहे. वाजेल तेव्हा बघ दोघांची तोंडं."

"बाबांना विचारूया ना आधी."

"विचारलं तर उगाच त्रास घेऊ नकोस म्हणतील. तू ओळखत नाहीस का तुझ्या बाबांना?"

तिलाही ते पटलं. त्याने मला उघडलं, धूळ झटकली, काडी बसवली, सूर जुळवला. काम चोख केलं. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पडलेल्या दाताच्या जागी दात यावा, तसं.

वाढदिवसाला घरातलीच माणसं होती. वहिनींनी ठेवणीतले कपडे घातले होते आणि रुमालही नवा बांधला होता. घाई स्टुलावर दोन चमचे घेऊन ताल धरायला बसला. दादांनी तेच गाणं धरलं. तळवा झाकणावर आला. मी जीव मुठीत धरून वाट बघत होतो, कारण मला एव्हाना काहीतरी समजू लागलं होतं आणि पट्ट्यांना नाही म्हणता येत नाही.

वहिनींचा रुमाल श्वासाने हलला. तोंड उघडलं. दादांचं बोट पडलं.

आणि मी वाजलो. स्वच्छ, लांब, नवाकोरा.

वहिनींनी झाकणावरून हात झटक्यात काढून घेतला. तोंड उघडंच राहिलं होतं, ते त्यांनी मिटलं. घाई खुशीत ओरडला, "वाजली की नाही?" मुलीने आईकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. वहिनी मात्र घाईकडे बघून हसल्या, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि चहा टाकायला आत गेल्या. बँडमध्ये गाणं मध्येच सोडायचं नाही, अशी रीत असते. दादांनी ते शेवटपर्यंत वाजवलं. ती जागा आणखी कितीदा तरी आली आणि दर वेळी मी खणखणीत वाजलो.

घाईला कळायला दुसरा दिवस उजाडला. दादांनी त्याला दुकानात जाऊन सांगितलं असावं. तो आला तो स्क्रूड्रायव्हर घेऊनच. "आत्ता काढतो दादा," एवढंच म्हणाला. स्क्रू काढताना जन्मात पहिल्यांदा त्याचे हात सावकाश चालत होते. काडी त्याने शर्टाच्या खिशात ठेवली आणि चहा न घेता गेला.

त्या संध्याकाळी दादा बसले. बोट पडलं. टक्. सगळं पूर्वीसारखं होतं. "येतेस का?" दादांनी विचारलं. टाळी आली नाही. स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो चालूच राहिला.

दादा पुढचे काही दिवस विचारत राहिले. शेवटी एकदा वहिनी आल्या, जागेवर उभ्या राहिल्या, पण हात पदरातच ठेवला. ओठ हलले. दादांनी सवयीप्रमाणे ते मोठ्याने म्हटलं.

"'आता तिथे मला पियानोच ऐकू येतो.' असं म्हणतेस?"

वहिनींनी होकारार्थी मान हलवली.

"'माझा येत नाही,' म्हणतेस?" दादांनी पुन्हा ओठ वाचून विचारलं. "'माझा आवाज कसा होता, तेच आठवत नाही.'"

वहिनींनी पुन्हा मान हलवली.  दादा "बरं," म्हणाले आणि पट्ट्यांवरचं झाकण लावलं. ते पुन्हा उघडलेलं नाही. संध्याकाळी ते आता पुढच्या खोलीत टीव्ही लावून बसतात. आवाज मोठा असतो, बातम्या कुठल्याही चालतात. घाई येत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात, आमची निगा राखा, आम्हाला अडगळीत टाकू नका. माझी निगा राखली गेली. प्रेमाने राखली गेली आणि त्यातच सगळं गेलं. तेव्हा मी एवढंच सांगतो, कुणाच्या घरात काही मोडलेलं दिसलं तर स्क्रूड्रायव्हर काढण्याआधी तिथल्या माणसांना विचारा. मोडलेल्या जागेत कुणीतरी राहत असेल. सांगून उपयोग होईल असं मला वाटत नाही. घाईलाही कुणी सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, विचारलं तर गंमत काय राहिली.

आता माझ्यावर कपडे इस्त्री होतात. या खोलीत प्लग एकच आहे, पूर्वी तो माझा होता. वहिनी त्यात इस्त्रीची वायर लावतात, दादांचा शर्ट पसरतात आणि इस्त्री तापेपर्यंत उभ्या राहतात. तेवढा वेळ त्यांचा डावा तळवा माझ्या झाकणावर असतो, अगदी जुन्या जागी. मी वाट बघतो. मग इस्त्री तापते.