बॅनरवरचं नाव

तेग्यू औषधवाल्याच्या भूमिकेतल्या पांढऱ्या कोटातच स्टुलावर चढला आणि बॅनरची गाठ सोडायला लागला.

"अरे, काय करतोयस?" खालून आई ओरडली.

टेम्पोच्या मागे तिने मोठी कढई मांडली होती. लाल तिखट रश्श्यात तोकबोक्की, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या कांड्या, रटरटत होती. युनिटमधली पोरं कागदी वाट्या घेऊन रांगेत उभी होती.

शूटिंगवर असं खाणं येतच असतं. कुणाला फॅन पाठवतात, कुणाला मित्र. तेग्यूला अकरा वर्षांत कुणी पाठवलं नव्हतं, कारण अकरा वर्षांत शूटिंगच नव्हतं. आपण गे आहोत हे त्याने एका मुलाखतीत सांगितलं आणि त्याच आठवड्यात हातातल्या दोन मालिका गेल्या. आता ही मिळाली. चार सीन.

बॅनरवर हातभर अक्षरं होती. 'आमच्या तेग्यूला सांभाळून घ्या. आई आणि उनसोंग.'

उनसोंग नऊ वर्षं त्याच्यासोबत राहतो.

"आई, लोक फोटो काढतायत. संध्याकाळी मोकपोला तुझ्या बाजारात पोचतील."

"पोचू देत."

"तिथे तू सांगितलंयस ना, मुलाखतीतलं सगळं खोटं आहे, मला पोरगीच पसंत पडत नाही म्हणून? तुझ्या तोकबोक्कीच्या गाडीवर परत कुणी फिरकणार नाही. मागे मुलाखतीनंतर महिनाभर..."

आई पळी फिरवत राहिली.

गाठ सुटली. कापड हातात आलं तेव्हा खालच्या कडेला लाल शिंतोडे दिसले. वाळलेले. आजची कढई तर चार हात लांब होती.

"हे कसले डाग?"

टेम्पो चालवत आणणाऱ्या, आईच्या बाजारातल्या मासळीवाल्या काकूंनी दारातून डोकं बाहेर काढलं. मागे सगळ्यात जास्त टोमणे यांनीच मारले होते.

"तीन दिवस बाजारात गाडीवर हे लावून बसली होती तुझी आई. गिऱ्हाइकाला आधी वाचायला लावायची, मग वाटी द्यायची. माझं तर पाठ झालंय."

तेग्यूने वाळलेल्या डागावरून अंगठा फिरवला.

"आणि तो उनसोंग कुठाय? त्याच्यासाठी ओल्या वाकट्या आणल्यात. बर्फ वितळतोय."

"डावी बाजू खाली आलीय," आई वर न बघताच म्हणाली. "वर घे जरा."

त्याने वर घेतली. गाठ मारली, तिच्यावर अजून एक मारली. मग कोटाच्या बाहीने नाक पुसलं आणि खिशातून फोन काढला.

"उनसोंग, निघता येईल का? नाही रे, काही झालं नाही. येताना पिशवी आण. मोठी आण."