एक किलो सातशे

ताईने वजनकाटा पायाने सरकवून दुसऱ्या फरशीवर नेला आणि पुन्हा त्यावर उभी राहिली. ८४.९. ती उतरली, कानातले काढून बेसिनच्या कडेला ठेवले आणि भिंतीलगतची तिसरी फरशी निवडली. ८४.९. काटा नवा होता आणि निगरगट्टही.

सहा दिवसांपूर्वी, डाएट सुरू केले त्या सोमवारी, याच काट्याने ८३.२ दाखवले होते. तेव्हापासून पाव, साखर, बटाटा, तळलेले, यांतल्या कशाकडे तिने ढुंकूनही पाहिले नव्हते. डेपोतल्या कँटीनसमोरून ती श्वास रोखून जायची. रोज पहाटे साडेपाचला इमारतीचे सहा मजले तीनदा चढायची. एवढे करून एक किलो सातशे ग्रॅम वर. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

"ठीक आहे," ती काट्याला म्हणाली. "तू आहेस आणि मी आहे."

बावीस वर्षे ती शहरात बस चालवत होती. रहदारी तुंबली की शिट्टी वाजवायची आणि डेपोत कोणाची गाडी अडली की तिलाच हाक मारली जायची. लग्न केले नव्हते, त्याची खंतही नव्हती. आई गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि भाऊ नऊ. त्याला वाढवण्यात दिवस कसे गेले ते कळले नव्हते. लहानपणी काडीसारखा, म्हणून त्याचे नाव काड्या. पुढे तो काड्याही करू लागला आणि नाव चिकटले. आता काड्या एकेचाळीस वर्षांचा होता आणि त्याच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले होते. आठवड्यातून तीन दिवस तो डायलिसिसच्या खुर्चीत असायचा.

किडनी मी देणार, असे ताईने तपासण्या व्हायच्या आधीच सांगून टाकले होते. तपासण्यांनीही तिचीच बाजू घेतली. अडले ते वजनापाशी.

"शहात्तरवर या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "तीन महिने देते. त्याआधी मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही." मग सगळ्यांना बाहेर पाठवून त्यांनी तिला एकटीला बसवून घेतले. "देणाऱ्याला कधीही माघार घेता येते. घरच्यांना आम्ही फक्त 'तपासणीत बसत नाही' एवढंच सांगतो. त्यापुढे कोणी कितीही विचारलं तरी एक अक्षर नाही."

"डॉक्टर," ताई हसून म्हणाली होती, "मी रिव्हर्स घेते ती फक्त डेपोत."

ती तळमजल्यावर राहायची, भाऊ-भावजय त्याच इमारतीत चौथ्यावर. भावजय शाळेत गणित शिकवायची. आख्खी शाळा तिला बाई म्हणायची, म्हणून ताईही बाईच म्हणायची. स्वयंपाकघराच्या भिंतीवर बाईने चौकटीचा कागद लावला होता: ८३.२ पासून ७६ पर्यंत उतरत जाणारी पेन्सिलची रेघ आणि खाली ओळीने बारा रविवार. आज पहिला.

आकडा लपवणे ताईच्या स्वभावात नव्हते. चौथ्या मजल्यावरचे दार उघडताच तिने सांगितले, "चौऱ्याऐंशी नऊ."

बाईची पेन्सिल कागदापाशी थांबली. "वर?"

"वर."

त्या ८३.२ च्या वर कागदात जागाच नव्हती. बाईने समासात, शीर्षकाला चिकटून, एक ठिपका काढला. मग आत नवरा झोपलाय ना ते डोकावून पाहिले आणि ताईला घेऊन जिन्यात आली. दार मागे ओढून घेतले.

"वन्सं, एक विचारू?"

एरवी ती ताईच म्हणायची. वन्सं निघाले की समजावे, पारा चढला आहे.

"विचार."

"नको वाटत असेल तर आत्ताच सांगा. डॉक्टर देणाऱ्याला एकटीला आत का बोलावतात, ते मला कळतं. मी तुम्हाला दोष देणार नाही. पण तीन महिने आम्हाला टांगून ठेवू नका."

"कोण टांगतंय?"

"मग हे आलं कुठून? हवा खाऊन वजन वाढतं का?"

"मला काय माहीत कुठून आलं! एक घास जास्त खाल्लेला नाही मी. शब्द दिलाय, बाई. आणि मी शब्द दिला म्हणजे दिला."

"डॉक्टर शब्दाचं वजन नाही हो करत."

खाली जाताना ताईने लिफ्ट घेतली नाही. घरी येऊन कोबी इतका बारीक चिरला की त्याचा भुगा झाला. राग आला की तिला जास्त भूक लागायची, ही जुनी खोड. तिने सूपचे एक पाकीट उकळत्या पाण्यात सोडले, ते संपवले, आणि लगेच दुसरे फोडले. सूपला डाएटमध्ये मुभा होती.

सोमवारी दोनला ड्यूटी संपली तशी ती गणवेशातच दवाखान्यात गेली. काड्या खिडकीजवळच्या खुर्चीत होता. एक हात यंत्राला दिलेला, दुसऱ्या हातात लाल पेन, मांडीवर फळी आणि फळीवर छापखान्यातून आलेली कच्ची पाने. तो मुद्रितशोधक होता. रक्त यंत्रातून फिरून येईपर्यंत लोकांच्या चुका काढत बसायचा.

"काय काड्या, आज किती घेऊन आलास?"

"दोन किलो आठशे. सगळं पाणी. चार तासांत उतरवून देतात. एवढं डाएट जगात कोणाला जमलेलं नाही." त्याने पेनाला टोपण लावले. "जिन्यात बोललेलं घरात ऐकू येतं, ताई."

"बोलली ते बोलली. तिच्या जागी मीही बोलले असते."

"तू खाल्लं नाहीस?"

"नाही."

"मग नाही." हा विषय त्याच्यापुरता तिथे संपला. "आता काय खातेस ते सांग. सगळं."

तिने सांगितले. उकडलेली अंडी, काकडी, कोबी, दही, सूप. सूपपाशी त्याने हात वर केला.

"कसलं सूप?"

"पाकिटातलं. मस्त असतं. चाळीस कॅलरी फक्त, आणि पोट टम्म."

"आहे पाकीट?"

ड्यूटीच्या पिशवीत दोन होती. तिने एक दिले. पुढच्या बाजूच्या रंगीत भाज्यांकडे न बघता त्याने पाकीट उलटे केले, चष्मा कपाळावर चढवला आणि ते नाकाजवळ धरून मुंग्यांएवढी अक्षरे वाचू लागला. एका आकड्याखाली त्याने रेघ मारली.

"दिवसाला किती पितेस?"

"चार. काल सहा झाली."

"ताई! अगं, एवढं मीठ मी खाल्लं तर मला बुधवार दिसणार नाही." पलीकडच्या खुर्चीतले आजोबा खुदकन हसले. "आणि हे जिने चढणं कधीपासून?"

"मागच्या सोमवारपासून. अठरा मजले."

"त्याआधी?"

"त्याआधी लिफ्ट."

"म्हणजे बावीस वर्षं बसलेले पाय एकदम अठरा मजले चढले. ते आतून सुजले असणार. सूज पाणी धरते, मीठ पाणी धरतं. चरबी नाही वाढली तुझी, पाणी भरलंय. बाकी कशातलं मला कळत नाही, पण पाण्याचं मला विचार."

त्याने पाकिटावर आडवी लाल रेघ मारली आणि तिच्या शेपटाला वळसा दिला. छापखान्यात या खुणेचा एकच अर्थ होतो: काढून टाका.

"बाईला मी सांगतो," तो म्हणाला.

"काही सांगू नकोस. रविवारी काटा सांगेल."

ती निघाली तशी परिचारिकेने वाकून पाहिले. बाहेर पडता पडता ताई शिट्टी वाजवत होती आणि दवाखान्यात शिट्टी चालत नसे.

सूप बंद झाले. मंगळवारी, बुधवारी ती दिवसभर स्वच्छतागृहाकडे पळत राहिली, इतकी की शेवटच्या थांब्यावरच्या पहारेकऱ्याने चावी तिच्याकडेच देऊन टाकली. शुक्रवारी गणवेशाचा पट्टा एक भोक आत गेला. जिने मात्र तिने सोडले नाहीत.

रविवारी ती काट्यावर चढली. ८२.१.

फरशी बदलायची गरज नव्हती. आठवडाभर ती या क्षणाची वाट पाहत होती. हा आकडा बाईसमोर कसा टाकायचा, कोणत्या आवाजात, तेही ठरवून झाले होते. पण काट्यावरून उतरताना तिने भिंतीचा आधार घेतला आणि पालथ्या बादलीवर बसली. तिचा हात आपोआप बरगडीच्या खाली गेला. या चालीने शहात्तर दूर नव्हते. म्हणजे टेबलही दूर नव्हते. टेबल, त्यावरचा दिवा, तोंडावरचा मुखवटा. हे सगळे तिला डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावले होते आणि तिने मान डोलावली होती. दिसले मात्र आत्ता. तळहात गार पडले होते.

मागच्या रविवारी ती दिवसभर धुमसत होती, तरी झोप कशी ढाराढूर लागली होती. आणि शुक्रवारी, पट्टा सैल झाला त्या रात्रीपासून, डोळा लागत नव्हता. जिन्यांमुळे अंग दुखतेय, असे ती स्वतःला सांगत होती.

बऱ्याच वेळाने तिने तोंड धुतले आणि वर गेली.

"ब्याऐंशी एक."

बाईने ठिपका काढला. तो आखलेल्या रेघेला टेकला. ती कागदाकडे बघत राहिली, मग उगाच ओट्याकडे वळून धुतलेला कप पुन्हा धुऊ लागली.

"ताई, मागच्या रविवारी मी जे काही..."

"थांब. आधी माझं ऐक." ताईने खुर्ची ओढली, पण बसली नाही. "खाल्लं नव्हतं मी. ते खरंच होतं. पण तू विचारलंस ते अगदीच चुकीचं नव्हतं. आज आकडा खाली आला आणि माझे हातपाय गार पडले. मला भीती वाटते, बाई."

नळ वाहत राहिला. बाईने तो बंद केला, पण वळली नाही.

"मग डॉक्टरांना... फोन करायचा का?"

"कशाला?"

"तुम्हीच म्हणालात, भीती..."

"भीती वाटते म्हटलं. देत नाही असं कुठे म्हटलं?"

बाई वळली. ओल्या हातांनीच ती समोरच्या खुर्चीत बसली आणि टेबलावरची पेन्सिल बोटांनी पुढे-मागे लोटत राहिली. आतून पान उलटल्याचा आवाज आला. काड्या जागा होता.

"मला तर पहिल्या दिवसापासून वाटते," ती हळूच म्हणाली. "तुम्हा दोघांचंही काही बरंवाईट झालं तर, म्हणून. त्यांच्यापाशी बोलायची सोय नाही. आणि तुम्ही इतक्या ठाम. तुमच्यापुढे बोलावं कसं, तेच कळेना. मग त्या दिवशी भलतंच बोलून बसले."

ताई आता बसली.

सोमवारी पहाटे साडेपाचला ताई तळमजल्यावरून निघाली. चौथ्यावर दार उघडे होते. बाई शाळेच्या क्रीडादिनाचे पांढरे बूट घालून, केस घट्ट बांधून उंबऱ्यात उभी होती.

"एकूण किती मजले?"

"अठरा."

"मी नऊ करेन."

"तू आज दोन कर. इथून सहावा. उद्याचं उद्या."

पाचव्याच्या वळणावरच मागचा श्वास मोठा झाला. ताईने मागे न बघता चाल कमी केली.

"ताई," मागून आवाज आला, "कुठली काढणार? डावी की उजवी?"

"डावी."

चार पायऱ्या गेल्या.

"दुखेल?"

"दुखेल म्हणतात. पहिला आठवडा."

"मी रजा टाकते," बाई म्हणाली आणि कठडा धरून पुढची पायरी चढली.