शेजारच्या सीटचा ब्रेक

"मास्तर, पाय काढ!"

"कुठला?"

"ब्रेकवरचा! गाडी मी चालवतेय का तू?"

मास्तरांनी ओशाळून पाय काढला. गाडी त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलची. शिकाऊ माणसानं घोळ घातलाच तर आवरता यावा म्हणून शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता आणि त्या सीटवर मास्तरांची निम्मी हयात गेली होती. समोर काही दिसायचा अवकाश, पाय खाली. सिनेमातली गाडी वळणावर आली तरी पुढच्या खुर्चीवाल्याला यांची लाथ बसायची.

"मागे आहेत अजून?" तिनं विचारलं.

"आहेत. कपाटसुद्धा उतरवलं नाही."

मागून तिच्या भावांच्या फर्निचरच्या दुकानाचा टेम्पो येत होता. तिला परगावी वसतिगृह सांभाळायची नोकरी लागली होती, आणि आज हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. भावांची लग्नं तिनं केली, पोरं तिनं वाढवली; आता पन्नाशीत हे कसलं खूळ, म्हणून सकाळी त्यांनी तिची बॅग माळ्यावर टाकून शिडीच पळवली. मग ती बॅगेविनाच मागच्या दारानं निसटली, मास्तरांच्या गाडीला आडवी गेली आणि स्टिअरिंगवरच्या शिकाऊ काकूंना खाली उतरवून स्वतः बसली. इतक्या वर्षांत दोघं एकमेकांशी धड बोललेही नव्हते.

"लग्नासाठी पळालो तेव्हाही असेच निघालो होतो," ती म्हणाली. "फाट्यावर बाबा दिसले आणि तू ब्रेक दाबलास."

"समोर माणूस होता गं."

"समोर नव्हते. कडेला उभे होते."

तेवढ्यात पुढचा सिग्नल पिवळा झाला आणि पायानं पुन्हा दगा दिला. गाडी गचकन थांबली, टेम्पो शेजारी येऊन उभा राहिला.

"ताई, उतर खाली!" थोरला भाऊ गरजला. "लोक काय म्हणतील?"

त्याच्या खांद्यावरून धाकट्यानं मान काढली. "ताई, वॉशिंग मशीन कुठल्या बटणानं चालू होतं गं?"

"मधल्या," ती म्हणाली. सवयीनंच. आणि तिचा हात दाराकडे गेला. मास्तरांनी तो पाहिला.

त्यांनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर ऐसपैस मांडी घातली.

"हे काय?"

"आता ब्रेक फक्त तुझ्याकडे आहे."

सिग्नल हिरवा झाला. तिनं दारावरचा हात काढून गिअर टाकला आणि गाडी अशी काढली, की मास्तर मांडीसकट मागे आपटले. टेम्पोनंही उसळी घेतली, पण कपाट घसरलं. ते सावरायला भाऊ उतरले आणि तिथंच एकमेकांवर खेकसत बसले.

स्टँडवर बस सुटायच्या बेतात होती. तिनं किल्ली मास्तरांच्या हातात ठेवली.

"तेव्हाच घातली असतीस मांडी, तर?"

"सुचलं नाही गं."

"पत्ता कळवीन. येशील?"

"येईन. पण तिथं गाडी तूच चालवायची."

ती हसली, डोळे पुसले आणि बसमध्ये चढली. मास्तर गाडीत येऊन बसले, सवयीप्रमाणे आपल्याच बाजूला. स्टिअरिंगपुढची सीट तिनं पुढे ओढलेली तशीच होती.

बस वळून फाटकाकडे निघाली तसा मास्तरांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. त्यांनी तो उचलला आणि बस दिसेनाशी होईपर्यंत मांडी घालून बसून राहिले.