खंडेनवमीचं पाणी

आता घड्याळावर पाणी शिंपडायची काय गरज होती, सांगा! पण अलकनंदाबाईंची पूजा म्हणजे अगदी साग्रसंगीत. खंडेनवमीला सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरात त्यांनी पाटावर कात्री, स्कूटरची किल्ली, मुलाचा लॅपटॉप मांडला आणि मधोमध नवऱ्याचं चावीचं मनगटी घड्याळ. लॅपटॉपला नुसतं फूल वाहिलं, कारण मुलगा ओरडला असता. घड्याळ बिचारं कुठून ओरडणार? त्याच्यावर फुलानं चांगलं दोनदा पाणी शिंपडलं. दसऱ्याला सकाळी बघतात तर काचेच्या आत धुकं, आणि काटे बंद.

घड्याळ मूळचं नवऱ्याच्या, म्हणजे अविनाशरावांच्या, वडिलांचं. तबकडी सायीसारखी पिवळट झालेली, पट्टे तर किती बदलले! पण सत्तावीस वर्षं ते रोज ऑफिसला जात होतं. त्याचा सेकंदकाटा उड्या मारत नसे, तरंगत जाई. नव्या लग्नात बसमध्ये त्या काट्याकडे बघता बघता बाईंना गुंगी यायची. दिल्लीचा धूर, गर्दी, परकी बोली सगळं लांब जायचं, आणि दुपार कधी संपूच नये असं वाटायचं.

अविनाशराव चकार शब्द बोलले नाहीत. बंद घड्याळच बांधून ऑफिसला जायला लागले. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं, असं बाईंना झालं.

पंधरा दिवसांनी त्या घड्याळ घेऊन गाझियाबादच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेल्या. चाकं गंजली होती. जुने भाग मिळायला सहा महिने लागणार होते.

"नहीं तो बैटरी वाली मशीन डाल देता हूँ, मैडम. बाहर से वही की वही."

बाईंनी डोळे मिटून हो म्हणून टाकलं.

संध्याकाळी त्यांनी घड्याळ नवऱ्याच्या हातात ठेवलं. "झालं हो दुरुस्त."

अविनाशरावांनी ते बराच वेळ कानाशी धरलं. "वा! फर्स्ट क्लास," म्हणाले. बाईंचा जीव भांड्यात पडला.

सकाळी गॅलरीत सातविणीचा जड, गोड वास भरला होता. कोवळ्या उन्हात अविनाशराव घड्याळाला चावी देत बसले होते. बाई दारातच थबकल्या. अहो, बॅटरीच्या घड्याळाला कसली चावी! ती नुसतीच गरगर फिरत होती, काटा टुणटुण उड्या मारत होता, आणि हे गृहस्थ शांतपणे चावी देतायत.

"तुम्हाला कालच कळलं ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीत? खोटं बोलले मी तुमच्याशी!"

"अगं, पंधरा दिवसांनी काल तू पोटभर जेवलीस," ते म्हणाले. "म्हटलं, राहू दे."

बाईंना रडूच कोसळलं. रडता रडताच त्यांनी नवऱ्याच्या हातातलं घड्याळ काढून घेतलं.

"उठा," त्या म्हणाल्या. "जुनं मशीन त्यानं टाकलं नसेल अजून. सहा महिने लागले तरी चालतील."