पाहुण्यांची गादी

फाटक ढकलून मिचियो आत आली आणि अंगणातल्या बांबूवर टाकलेली गादी बघून थबकली. निळ्या फुलांची, पाहुण्यांसाठी ठेवलेली. आपण येतोय हे तिनं आईला कळवलंच नव्हतं. जवळच्या मात्सुए शहरात एका श्राद्धाला आली होती, दोन तास मोकळे मिळाले म्हणून गावाची बस धरली, एवढंच.

"कोण येणार आहे हो काकू?" कुंपणापलीकडे मुळे धूत बसलेल्या तोकिए काकूंना तिनं विचारलं.

"कोण म्हणजे? तूच की!" काकू हसल्या. "रविवारी फोनवर 'सोनोउची येते' म्हणालीस ना? मग सोमवारी गादी उन्हात. ओसाकाच्या राणीसाहेबांचा फोन येऊन गेला, हे अख्ख्या आळीला या गादीवरून कळतं."

मिचियोही हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. सोनोउची, म्हणजे येईन कधीतरी. फोन ठेवण्याआधी म्हणायचं असतं. 'थंडी सरली की', 'जरा सवड झाली की', 'पुढच्या खेपेला नक्की' असे आणखीही शब्द होते. बाबा गेल्यापासूनची सहा वर्षं ती ते आलटून पालटून वापरत आली होती.

आईला तिला बघून काय करू नि काय नको असं झालं. गादीचा विषय मात्र तिनं उडवून लावला.

"बंद कपाटात वास धरते गं. ऊन चांगलं पडलं होतं, टाकली."

चहा ओतताना किटली डाव्या हातात होती. उजव्या मनगटाला पट्टा.

"हे काय?"

"काही नाही. जूनमध्ये पायरीवरून घसरले."

"हातात काय होतं?" मिचियोनं अंगणातल्या गादीकडे बघत विचारलं.

"मोची घे. कालची आहे, पण मऊ आहे अजून."

मिचियोनं तांदळाची ती गोल मोची घेतली. एक घास खाऊन बाजूला ठेवली. ती उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली, पुढच्या महिन्याचं पान वर केलं आणि दोरीला बांधलेली पेन्सिल हातात घेतली.

"सव्वीसला येते. शनिवार आहे. राहायलाच येते."

"लिहू नकोस गं."

"का?"

आई पेल्यात बघत म्हणाली, "तीन वर्षांपूर्वी ओबोनच्या सणाला, पितरांच्या दिवसांत, अशीच तारीख लिहिली होतीस. मग तुझं ऑफिसचं काहीतरी निघालं. मी चार दिवस आधीपासून आवरत होते. वाईट नाही वाटलं, कामं असतातच माणसाला. पण तारीख मोडते. तुझं 'सोनोउची' मोडत नाही बघ. त्याच्यावर माझे दिवस छान जातात."

आवाजात तक्रार असती तर मिचियोला दोन शब्द उलट बोलता आले असते.

"या वेळी नाही मोडणार, आई."

"मग माझ्या कॅलेंडरवर कशाला? तुझ्या वहीत लिही."

मिचियोनं पर्समधून वही काढली, नोव्हेंबरचं पान उघडलं. सव्वीसच्या चौकोनात तिच्याच सुबक अक्षरात आधीच लिहिलेलं होतं : क्योतो, मैत्रिणी, लाल पानं, सकाळची गाडी.

आईनं चष्मा सारखा केला. ती वहीकडे बघत नव्हती, लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होती.

मिचियोनं पेनाचं टोपण काढलं.