कोल्बी नोवॉट्नीची मान

माणूस तयार आहे की नाही हे नुसतं बघून ओळखणं, ही पृथ्वीवरची सर्वांत जुनी आणि सर्वांत अवघड विद्या आहे. ही विद्या येणाऱ्यांना अमेरिकेतल्या, हाताने चेंडू फेकायच्या फुटबॉलचे व्यावसायिक संघ पगार देतात, गाडी देतात, मोटेलचं भाडं देतात, आणि हे लोक निम्म्या वेळा चुकतात. नाणं उडवलं तरी निकाल तोच येतो. पण नाण्याला नाश्ता लागत नाही.

लाइल होकस्ट्रा एकोणीस वर्षं पारखी होता आणि आजवर एकदाही चुकला नव्हता, कारण आजवर त्याने काही म्हटलंच नव्हतं. कॉलेजातल्या कुठल्याही खेळाडूबद्दल तो लिहायचा : 'योग्य वातावरणात, योग्य मार्गदर्शनाखाली, योग्य वेळी मोठी झेप घेण्याची क्षमता.' हे वाक्य टोमॅटोच्या रोपालाही लागू पडतं. त्यावर त्याने ओहायोत घर बांधलं होतं.

यंदा मात्र संघाला नवा मॅनेजर आला होता. प्रेस्टन ॲक्ली. वय चौतीस, पूर्वी बँकेत. बसायचा नाही, त्याचं टेबलही उभं होतं.

"लाइल, मला परिच्छेद नकोत," तो म्हणाला. "नेब्रास्काला जा, तो नोवॉट्नी बघ, आणि मला एक शब्द दे. तयार, किंवा नाही. खाली तुझी सही."

"सही कशाला?"

"पुढच्या वर्षी तू इथे असावंस का, हे ठरवायला सोपं जातं."

पारख्यांचे करार नव्या खेळाडूंची निवड झाली की त्याच आठवड्यात संपतात, तेव्हा हे काही लपवून म्हटलेलं नव्हतं. 'तयार' म्हटलं आणि पोरगं आपटलं, तर लाइल घरी. 'नाही' म्हटलं आणि ते दुसऱ्या संघात जाऊन चमकलं, तरी लाइल घरी. त्या दिवसापासून त्याला एका जागी बसवेना. विमानात तो उभा राहिला, हवाई सुंदरीने बसवला. मोटेलात त्याने दोनदा खोली बदलली आणि दोन्ही खोल्यांना नावं ठेवली.

कोल्बी नोवॉट्नी हा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा चेंडू फेकणारा गडी, दिसायला तयारच होता. उंच, रुंद, जबडा पुतळ्याचा. मार्च महिन्यातल्या त्या सकाळी बाहेर वारा पत्रे उचकटत होता, म्हणून परीक्षा बंद मैदानात झाली. तीसेक पारखी, एकसारखी जाकिटं घालून, हातात घड्याळं घेऊन उभे. त्यांनी पोराच्या तळहाताची रुंदी दोनदा मोजली, जणू त्याला हातमोजे शिवायचे होते. मग त्याने चेंडू फेकले. एकेक चेंडू असा गेला की पलीकडच्या झेलणाऱ्याने हात पुढे करायचा तेवढाच अवकाश. पारख्यांनी माना डोलावल्या.

लाइल चेंडू बघत नव्हता. चेंडू सगळेच बघतात. तो पोराची मान बघत होता. प्रत्येक फेकीच्या आधी ती उजवीकडे वळत होती. तिथे ड्युएन रिडिक उभा होता, आक्रमणाचा कोच, कोल्बीच्या कॉलेजातल्या चारही वर्षांचा. रिडिक कधी कान ओढे, कधी टोपीला हात लावी. की मान सरळ, आणि चेंडू सुटला.

यात गुन्हा काही नव्हता. कॉलेजात आता सगळीकडे असंच खेळतात. खेळाडू रांगेत उभे राहतात, चेंडू सुटणार असं सोंग करतात, आणि मग अकराच्या अकरा जण एकदम मैदानाच्या कडेला बघतात. चाऱ्याची गाडी आली की कुरणातल्या गाई बघतात तसे. कडेला कोणीतरी चित्रांचे फलक धरलेले असतात, टोस्टर, बदक, डोनट. डोनट म्हणजे काय ते त्यांना ठाऊक. विचार कोचने करायचा, फेकायचं पोराने. पुढे व्यावसायिक मैदानावरही शिरस्त्राणात कोचचा आवाज येतो, पण चेंडू सुटायच्या आधी तो बंद होतो. समोरचा बचाव त्यानंतर बदलतो. तेव्हा पोरगं असतं आणि देव असतो, आणि देवाला फुटबॉलमधलं किती कळतं याबद्दल मतभेद आहेत.

त्या दुपारी लाइलने कोल्बीला गावातल्या खाणावळीत नेलं. दोघांनी इथल्या रिवाजाप्रमाणे चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं तिखट कालवण, आणि सोबत दालचिनीचा गोड रोल मागवला.

"पोरा, एक चाल सांगतो. एका दमात म्हणून दाखव," लाइल म्हणाला आणि त्याने मैदानावर पुकारायची आपल्या संघाची सर्वांत लांब चाल म्हटली. ती म्हणताना त्यालाच मध्ये श्वास घ्यावा लागला.

कोल्बीने ती जशीच्या तशी म्हटली. मग म्हणाला, "उलटी म्हणू, सर?"

"उलटी कशाला?"

"काही लोक विचारतात, सर."

पोरगं हुशार होतं. लाइलची अस्वस्थता वाढली. त्याने मिठाची आणि मिरीची बाटली पुढे मांडली. "हे समोरच्या बचावातले दोघे. मागे राहणार असं तुला वाटलं. ऐन वेळी मिरी पुढे धावून आली. आता?"

कोल्बीची मान वळली. कोपऱ्यातल्या टेबलावर रिडिक एकटाच जेवत होता. त्याने चमचा खाली ठेवून कान ओढला.

"डावीकडे छोटा फेकतो, सर," कोल्बी म्हणाला.

उत्तर अचूक होतं. हाच तर घोळ होता.

एवढ्यात वाढणारी मार्लीन आली. "रोल चिलीत बुडवून देऊ रे राजा, की वेगळा?"

कोल्बीने कोपऱ्यात पाहिलं. रिडिकने टोपीला दोनदा हात लावला.

"वेगळा, मॅम."

"चार वर्षं हेच," मार्लीन लाइलला म्हणाली. "पहिल्या वर्षी मला वाटलं, लेकराची मान अवघडलीय. तेल दिलं मी चोळायला."

"लावलं का त्याने?"

"कोचला विचारून लावलं."

कोल्बी हसला. लाजला नाही, छान, मोकळं हसला. वाईट पोरगं असतं तर लाइलचं काम सोपं झालं असतं.

बाहेर पार्किंगमध्ये लाइलने रिडिकला गाठलं. "ड्युएन, खरं सांग. तयार आहे का तो?"

"शंभर टक्के," रिडिक म्हणाला. "फक्त मलाही घ्या."

"तुझं काय करायचं आम्ही?"

"कडेला उभं करायचं. मी जास्त खातही नाही."

घरी परतल्यावर लाइलने चार कागद फाडले. त्याची बायको जोॲन भांडी पुसत होती. ती म्हणाली, "तयार, तयार काय लावलंयस? आपल्या लग्नाला तू तयार होतास?"

"नाही."

"मग?"

हा मुद्दा पोराच्या बाजूचा की विरुद्ध, हे लाइलला रात्रभर ठरवता आलं नाही. जोॲन घोरत होती, म्हणजे तिचं ठरलेलं होतं. सकाळी उठून त्याने लिहिलं : 'नाही.' खाली सही केली. एकोणीस वर्षांतला हा त्याचा पहिला शब्द. पाकीट टाकून परतताना त्याला भूक लागली, आणि बऱ्याच दिवसांनी अन्नाला चव आली. चव दोन दिवस टिकली. मग तो पुन्हा येरझारा घालू लागला.

एप्रिलच्या अखेरीस निवडीची संध्याकाळ आली. संघाच्या खोलीत सगळे जमले. संघ पाळीपाळीने कॉलेजातली पोरं उचलतात, प्रत्येकाला हव्या त्या पोराचं नाव कळवायला मिनिटं ठरलेली असतात, आणि भिंतीवर ती उलटी मोजली जातात. मालक म्हातारे व्होरहीस मधल्या खुर्चीत मक्याच्या लाह्या खात होते. बाराव्या क्रमांकावर यांची पाळी आली तेव्हा कोल्बी अजून शिल्लक होता.

"आकडे हो म्हणतायत," ॲक्ली म्हणाला. "लाइल, तुझा कागद नाही म्हणतो. म्हणजे सध्या नाही?"

"नाही म्हणजे नाही," लाइल म्हणाला. "तो विचारल्याशिवाय रोलसुद्धा खात नाही."

"रोलचा काय संबंध?"

"ऐन वेळी तो कोणाकडे तरी बघणार. आणि तिथे कोणी नसणार."

ॲक्लीने आकड्यांकडे पाहिलं, लाइलकडे पाहिलं, आणि मग त्याची मान हळूच वळली. मालकाकडे. त्याच्यामागे मुख्य कोचची वळली, डॉक्टरची वळली, संगणकवाल्या तिघांची वळली. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला. लाइलला एकदम चाऱ्याची गाडी दिसली.

व्होरहीसनी कान ओढला.

"हे हो समजायचं का, सर?" ॲक्लीने विचारलं.

"काय?"

"कान ओढलात तुम्ही."

"यंत्र शिट्टी मारतंय रे," व्होरहीस म्हणाले आणि कानातलं यंत्र काढून त्यात फुंकलं. "हं, आता बोल. काय विचारत होतास?"

ॲक्लीने पहिल्यापासून सांगितलं, मोठ्याने. मालकांनी ऐकून घेतलं आणि शेजारी बसलेल्या बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? पोरगं दिसायला बरं आहे."

"संपली," संगणकवाल्यांपैकी एक म्हणाला.

"काय संपली?"

"मिनिटं."

वेळ संपली की पुढचा संघ मध्ये घुसू शकतो. पुढचा संघ घुसला. टीव्हीवर कोल्बी नोवॉट्नी आईला मिठी मारत होता. मग त्याने नव्या संघाच्या दोन टोप्यांकडे पाहिलं, आणि कुठली घालायची हे विचारायला मान वळवली.

ॲक्लीला बुधवारी काढलं. पारख्याचा संपलेला करार पुढे वाढवायचा नसेल तर मॅनेजरला एक मेपूर्वी तसं लेखी कळवावं लागतं. एक मेपर्यंत मॅनेजरच नव्हता. लाइलचा करार आपोआप एका वर्षाने वाढला.

शब्द मात्र फायलीत पडून होता, सहीसकट. सप्टेंबरपासून दर रविवारी लाइल दुसऱ्याच संघाचे सामने बघू लागला. पोरगं आपटलं तर तो जन्मात पहिल्यांदा बरोबर ठरणार होता. चमकलं तर नवा मॅनेजर तो कागद शोधून काढणार होता. सोफ्याच्या काठावर बसून तो स्वतःचाच कान ओढायचा. जोॲन म्हणायची, "पोराचं वाईट चिंतू नये." तो म्हणायचा, "चिंतत नाही, नुसतं बघतोय." टीव्हीवर कोल्बी कडेला दिसायचा, टोपी घालून, हातात पाणी. त्याच्या पुढचा क्वार्टरबॅक अडतिसाव्या वर्षी दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून खेळत होता. आज पडेल, उद्या पडेल, असं सगळे म्हणत होते. तो पडला नाही.

हंगाम संपला तोपर्यंत कोल्बी नोवॉट्नीने एकही चेंडू फेकला नव्हता. जानेवारीत त्या जुन्या क्वार्टरबॅकने आणखी दोन वर्षांचा करार केला.